विश्लेषण : जुन्या नदीपुलावर बाग फुलवता येईल का? गर्दी, माती आणि पुराचे गणित काय सांगते?

नदीवर नवा पूल होतो, फीत कापली जाते, वाहतूक तिकडे वळते. शेजारचा जुना पूल जागेवरच राहतो. दोन्ही टोकांना मुरमाचे ढीग, ‘पूल वाहतुकीस धोकादायक’ असा फलक आणि त्या फलकालाच टेकवून लावलेल्या दुचाकी. वाहतूक थांबली तरी माणसे येतच राहतात. सकाळी फिरणारे, संध्याकाळी कठड्यावर गप्पा मारत बसणारे, पावसाळ्यात मोबाइल काढून पाणी दाखवणारे. मग कोणीतरी सुचवते, की इथे बाकडी टाकली, झाडे लावली, दिवे बसवले तर गावाला आयतीच बाग मिळेल.

कल्पना वेडगळ नाही. जगात अशा बागा आहेत आणि त्यातली एक तर शंभरीकडे निघाली आहे. पण पूल पाडायचा की ठेवायचा, एवढ्यावर हा निर्णय संपत नाही. प्रवरा, मुळा, गोदावरी आणि सीनेच्या काठी वसलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जिथे धरणातून विसर्ग सुटला की नदीचे रूप काही तासांत पालटते, तिथे तर हा आधी हिशेबाचा विषय आहे आणि सुशोभीकरणाचा नंतर.

हा प्रश्न आताच का?

१५ जून २०२५, रविवार. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा सुमारे तीस वर्षांपूर्वीचा लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक लावलेला होता. नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी रुपयांची मंजुरीही होती. तरीही सुटीच्या दिवशी पर्यटकांची गर्दी पुलावर होती, काही जण दुचाकीही घेऊन आले होते. पावसामुळे नदीला पाणी वाढले होते आणि ते पाहण्यासाठीच लोक तिथे थांबले होते.

हा थांबण्याचा मुद्दा महत्त्वाचा. माणसे पुलावरून जातात तेव्हा पूल हा रस्ता असतो. ती तिथे रेंगाळू लागली, की कोणी जाहीर करो वा न करो, त्या पुलाची बाग झालेली असते. कुंडमळ्याचा पूल कागदावर ये-जा करण्याचा पूल होता, प्रत्यक्षात ते पर्यटनस्थळ झाले होते. गोव्यात कुडचडे-सावर्डे येथे १८ मे २०१७ रोजी हेच घडले. पोर्तुगीज काळातील पादचारी पूल काही वर्षांपासून बंद होता. नदीत उडी घेतलेल्या एका तरुणाचा शोध सुरू होता, तो पाहायला लोक त्या बंद पुलावर चढले आणि पूल खचला. पन्नासच्या आसपास माणसे पाण्यात पडली.

म्हणजे जुना पूल मोकळा सोडला, तर तिथे विनापरवाना बाग होतेच. तो नीट पाडावा, नीट बंद करावा किंवा नीट बाग करावी, असे तीन मार्ग उरतात. सध्या बहुतेक ठिकाणी यातले काहीच होत नाही.

पुलावरच्या बागा आहेत तरी कुठे?

सर्वांत जुने आणि या चर्चेत सर्वांत उपयोगी उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले आहे. शेलबर्न फॉल्स या छोट्या गावात डीअरफिल्ड नदीवर १९०८ साली ट्रामसाठी काँक्रीटच्या कमानींचा पूल बांधला गेला. लांबी सुमारे १२० मीटर, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातल्या पुलाएवढीच. १९२० च्या दशकात मोटारी आल्या, ट्राम कंपनी बुडाली, पुलावर गवत माजले. पाडावा, तर गावाला पाणी पुरवणारी मुख्य जलवाहिनी त्याच पुलावरून जात होती. अखेर गावातल्या महिला मंडळाने पुढाकार घेतला आणि १९२९ मध्ये पुलावर फुलझाडे लावली. आज तो ‘ब्रिज ऑफ फ्लॉवर्स’ म्हणून ओळखला जातो.

या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. पन्नास वर्षांनी पुलाची तपासणी झाली तेव्हा तो खराब झाल्याचे आढळले. १९८३ मध्ये दुरुस्ती करताना प्रत्येक झाड उपटून लोकांच्या परसात हलवावे लागले आणि दुरुस्तीनंतर पुन्हा आणून लावावे लागले. बाग आहे म्हणून पूल म्हातारा व्हायचा थांबला नाही. उलट तपासणी आणि दुरुस्ती, दोन्ही अवघड झाल्या.

न्यूयॉर्कचा ‘हाय लाइन’ सर्वांना ठाऊक असतो. तो नदीवरचा पूल नव्हे, तर १९३४ मध्ये सुरू झालेला मालगाड्यांचा उन्नत मार्ग. १९८० मध्ये शेवटची गाडी गेली आणि २००९ मध्ये बागेचा पहिला टप्पा खुला झाला. भरलेल्या मालगाड्या पेलण्यासाठी बांधलेला सांगाडा असल्यामुळे माती आणि गर्दी त्याला जड गेली नाही. दक्षिण कोरियात सोलमध्ये १९७० चा उड्डाणपूल वाहतुकीस असुरक्षित ठरल्यावर २०१७ मध्ये पादचारी बाग म्हणून खुला केला गेला. तिथे झाडे शेकडो कुंड्यांमध्ये ठेवली आहेत.

वॉशिंग्टनमध्ये अनॅकोस्टिया नदीवर ‘इलेव्हन्थ स्ट्रीट ब्रिज पार्क’ नावाचा प्रकल्प आहे. जुन्या पुलाची जागा नव्या पुलांनी घेतल्यावर त्याचे पाण्यातले खांब वापरून वर बाग करायची, अशी ही योजना. आराखड्याची स्पर्धा २०१४ मध्ये झाली. म्हणजे तिथे जुना पूल जसाच्या तसा वापरायचा नाही, फक्त खांबांचा आधार घ्यायचा आणि वरचे सारे नवे बांधायचे. आराखडा निवडल्याला दहा वर्षे उलटल्यावरही काम निधी आणि मंजुऱ्यांच्या फेऱ्यातच होते. ही गती श्रीमंत देशाच्या राजधानीतली आहे.

आपल्याकडे काय? अहमदाबादेत साबरमतीवरचा १८९२ चा एलिस ब्रिज वाहनांसाठी बंद करून दोन्ही बाजूंना नवे पूल बांधण्यात आले. मधला जुना लोखंडी पूल वारसा म्हणून ठेवला. त्याच्या डागडुजीसाठी गुजरात सरकारने २०२४ मध्ये सुमारे ३२ कोटी रुपये मंजूर केले. हा खर्च बागेचा नव्हे, फक्त माणसांना सुरक्षितपणे चालता यावे यासाठीचा आहे.

महाराष्ट्रात नदीपुलावर फुललेली, नाव घ्यावी अशी बाग नाही. पुलाखालची मात्र आहे. मुंबईत माटुंग्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील उड्डाणपुलाखाली नानालाल डी. मेहता उद्यान आहे. तिथला सुमारे ६०० मीटरचा चालण्याचा मार्ग नर्मदेच्या वळणांसारखा आखला आहे. पुलाखालच्या जागेत पुन्हा पार्किंग होऊ नये म्हणून रहिवाशांनी धरलेल्या आग्रहातून ते झाले. पण तिथे झाडांचा भार जमिनीवर आहे, पुलावर नाही. सगळा फरक इथेच पडतो.

ट्रक जात होते, मग माणसांनी काय होणार?

हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. एक साधा हिशेब पाहू. पूल १०० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद धरला, तर क्षेत्रफळ ७०० चौरस मीटर होते.

या पुलावर दोन रांगांत मोटारींची कोंडी झाली आणि दर सहा मीटरला एक मोटार उभी राहिली, तर ३२-३३ मोटारी मावतील. एका मोटारीचे वजन १.२ टन धरले तरी एकूण भार ४० टनांच्या आसपास. आता मोटारी काढून माणसे आणू. चौरस मीटरला चार माणसे, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी खांद्याला खांदा लागतो तेवढी गर्दी. २,८०० माणसे, सरासरी ६५ किलोने १८२ टन. मोटारींच्या साडेचार पट.

ट्रकचे काय? दोन आसांच्या ट्रकला कायद्याने एकूण साडेअठरा टन वजनाची मुभा आहे. दर बारा मीटरला एक असे दोन रांगांत १६ ट्रक उभे केले, तर सुमारे ३०० टन होतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-६ या संहितेनुसार पादचारी पुलाची रचना करताना गर्दीचा भार चौरस मीटरला ५०० किलो धरायचा असतो. यात्रा-जत्रांची गर्दी होणाऱ्या गावांजवळच्या पुलांच्या पदपथांसाठीही हाच आकडा आहे. आपल्या ७०० चौरस मीटरला तो लावला तर ३५० टन. थोडक्यात, संहितेच्या नजरेत माणसांनी गच्च भरलेला पूल हा भरलेल्या ट्रकांनी गच्च झालेल्या पुलापेक्षा हलका नाही.

एक फरक मान्य करावा लागेल. ट्रकच्या चाकाखाली वजन एका ठिकाणी एकवटते, गर्दीचे पसरते. त्यामुळे एखाद्या तुळईवर किंवा स्लॅबच्या तुकड्यावर ट्रक जास्त मारक ठरू शकतो. पण ट्रक निघून जातो. शिवाय सारे ट्रक एकाच कठड्याकडे धावत नाहीत. माणसे धावतात. पाण्यातून काही वाहत आले, की पुलावरची अख्खी गर्दी एका बाजूला झुकते.

गर्दीच्या भाराची जाणीव मुंबईत दर गणेशोत्सवात करून दिली जाते. चिंचपोकळी, करी रोडसारख्या जुन्या रेल्वे पुलांवर एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त भार होऊ देऊ नका, नाचू नका, थांबू नका, अशा सूचना महापालिका देते. सोळा टन म्हणजे सरासरी वजनाची जेमतेम अडीचशे माणसे. लयीत पडणाऱ्या पावलांचा त्रास वेगळाच. लंडनचा मिलेनियम पूल नवा कोरा होता, तरी १० जून २००० रोजी खुला होताच चालणाऱ्यांच्या पावलांनी आडवा डुलू लागला. दोन दिवसांत तो बंद करावा लागला आणि धक्के शोषणारी यंत्रणा बसवून २००२ मध्ये पुन्हा उघडला. आपल्याकडे पुलावर बाग झाली, की वाढदिवसाचा केक, प्रीवेडिंगचे चित्रीकरण आणि ढोल-ताशाचा सराव हे ओघाने येणारच.

माती किती जड असते?

कागदावर सुंदर दिसणाऱ्या हिरवळीचा खरा घोळ इथे आहे. ओल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १.८ ते २ टन असते. ३० सेंटीमीटरचा थर दिला, तर चौरस मीटरला साडेपाचशे ते सहाशे किलो. आपल्या पुलाच्या फक्त अर्ध्या भागावर असा थर टाकला तरी सुमारे २०० टन होतात, आणि हा भार चोवीस तास, बाराही महिने तिथेच राहणार. गर्दीचा भार त्याच्या वर. एवढी माती झुडपांनाही जेमतेम पुरते. सावली देणाऱ्या झाडाला मीटरभर तरी लागते, म्हणजे पुलावर वडा-पिंपळाचा विचारच नको. हे दोघे मात्र न विचारता येतात. जुन्या दगडी पुलांच्या सांध्यांतून डोकावणारी पिंपळाची रोपटी कोणी पाहिली नाहीत? त्यांची मुळे दगडाचे सांधे उकलतात. बागेच्या रोजच्या पाण्याने त्यांना आयते खतपाणी मिळते.

अहिल्यानगर जिल्ह्यातली काळी माती तर यासाठी अगदीच निरुपयोगी. ती पाणी धरून ठेवते, फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कोकोपीटसारख्या हलक्या मिश्रणाने वजन बरेच उतरते, पण ते उन्हात लवकर सुकते आणि पाणी वारंवार द्यावे लागते. हे पाणी स्लॅबमध्ये झिरपले की आतल्या सळया गंजतात. काँक्रीटच्या पुलाचा खरा शत्रू हाच. म्हणून जलरोधक थर आणि पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या यांवरचा खर्च झाडांपेक्षा मोठा ठरतो.

या हिशेबात एक दिलासाही दडलेला आहे. जुन्या पुलांवर वर्षानुवर्षे डांबराचे थर चढवलेले असतात. मूळ रस्ता खरवडून नवा करण्याऐवजी वरूनच थर द्यायचा, ही आपली जुनी रीत. दहा सेंटीमीटरचा जादा थर असेल तर चौरस मीटरला सुमारे २३० किलो, म्हणजे आपल्या पुलावर १६० टन विनाकारण पडून आहेत. ते खरवडले, तर तेवढी ताकद पुलाला परत मिळते. जुना पूल चालण्यासाठी खुला करायचा असेल, तर पहिले काम झाड लावण्याचे नाही, डांबर काढण्याचे आहे.

पूर आल्यावर काय होईल?

गर्दी, ओली माती आणि पाण्याचा जोर यांचा वेगवेगळा विचार केला, तर प्रत्येकावर उपाय सापडतो. अडचण अशी, की नदीवर तिन्ही एकाच दिवशी येतात. माती सर्वांत जड असते ती पावसात भिजल्यावर. नदी सर्वांत जोरात असते तीही तेव्हाच. आणि पुलावर सर्वांत जास्त लोक येतात ते पूर पाहायला. उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी मोजलेली गर्दी धरून पुलावरची बाग आखली, तर ती ऑगस्टमधल्या एका दुपारी फसेल.

भंडारदरा ११ टीएमसीचे, निळवंडे सव्वाआठ टीएमसीचे, मुळा २६ टीएमसीचे. ही धरणे भरत आली, की प्रवरा आणि मुळेत विसर्ग सुरू होतो. नांदूर मधमेश्वरमधून सोडलेले पाणी कोपरगावावरून जायकवाडीकडे जाते. हा पूर आपल्या गावात पाऊस नसतानाही येतो, त्यामुळे ऊन पडलेले असताना पुलावर कुटुंबासह जायला कोणाला धोका वाटत नाही. सीना एरवी शहरातून जाणारा नाला वाटते. त्याच सीनेने सप्टेंबर २०२५ मध्ये खाली सोलापूर जिल्ह्यात गावेच्या गावे पाण्यात घातली.

पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर खांबावरचा आडवा जोर चौपट होतो. त्यात वरून वाहत आलेली झाडे, ऊस आणि जलपर्णी कठड्याला अडकली, की पूल पूल राहत नाही, बंधारा होतो. पाणी पाठीमागे फुगते आणि ताण पुलावर व काठच्या घरांवर येतो. पाण्याखाली जाणाऱ्या फरशी पुलांना म्हणूनच पक्के कठडे नसतात किंवा काढता येतील असे असतात. अशा पुलावर काँक्रीटच्या कुंड्या आणि ग्रॅनाइटची बाकडी पक्की बसवणे म्हणजे नदीच्या वाटेत भिंत घालणे.

पायाची गोष्ट तर वरून दिसतही नाही. पुरात खांबाभोवती भोवरे होतात आणि बुडाची वाळू-माती उकरली जाते. वर्षानुवर्षे वाळूउपशाने पात्र खोल गेलेल्या नद्यांत, आणि प्रवरा-मुळा-गोदावरीत हा उपसा कोणाला नवा नाही, जुन्या पुलांचे पाये उघडे पडण्याचा धोका जास्त. महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. दोन एसटी बस त्याच्याबरोबर गेल्या. आदल्या दिवसापर्यंत त्यावरून महामार्गाची वाहतूक सुरळीत सुरू होती.

कोणता पूल बागेला चालेल, कोणता नाही?

दगडी कमानींचा पूल त्यातल्या त्यात बरा. कमानीच्या पोटावर मुळातच दगड-मातीचा भराव असतो आणि स्थिर भाराने कमान अधिक घट्ट बसते. अट एकच, पाया शाबूत हवा. सावित्रीच्या अनुभवानंतर ही अट ‘इतकी वर्षे टिकलाय’ एवढ्या भरवशावर सोडता येणार नाही.

साठ-सत्तरच्या दशकातले आरसीसी पूल बाहेरून धडधाकट दिसतात, पण सळयांची अवस्था तपासल्याशिवाय त्यांच्यावर एक ट्रॉली मातीही टाकू नये. लोखंडी सांगाड्याचे पूल हिरवळीसाठी जवळपास बादच. ओलावा आणि लोखंड यांचे पटत नाही.

झुलता पूल असेल तर विषयच नको. गुजरातेत मोरबीचा १९ व्या शतकातला झुलता पूल दुरुस्तीनंतर तिकीट लावून खुला केला आणि चार दिवसांनी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तुटला. १३५ जण गेले. मुख्य केबलमधल्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या, असे चौकशी पथकाला आढळले. रंगरंगोटी नवी होती. कानपूरचा गंगेवरचा सुमारे दीडशे वर्षांचा पूल २०२१ मध्ये वाहतुकीस बंद केला, वारसा म्हणून सुशोभितही केला. त्याचा एक भाग २६ नोव्हेंबर २०२४ रोजी नदीत कोसळला. वर्दळ बंद असल्याने जीवितहानी टळली. तिथे बाग असती तर काय झाले असते, याची कल्पना करता येईल.

अहिल्यानगरमध्ये मग आराखडा कसा असावा?

बाग काठावर आणि पुलावर फक्त वाट. या एका ओळीवर आराखडा उभा राहू शकतो. माती, झाडे, खेळणी, खाऊच्या गाड्या, स्वच्छतागृह हे सगळे पुलाच्या दोन्ही टोकांना, जमिनीवर. पुलावर डांबर काढलेला हलका पृष्ठभाग, बसायला मोजक्या जागा आणि उंच कठडे. नियमही याला आडवे येत नाहीत. नदीकाठी पूररेषा दोन असतात. सुमारे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, पण उद्यान, मैदान असे मोकळे वापर चालतात. म्हणजे जिथे इमारत होऊ शकत नाही आणि अतिक्रमणाची भीती कायम असते, तीच जागा बागेसाठी योग्य.

काठावरच्या बागेचा नमुना बाहेर शोधायला नको. ज्यांच्या नावाने जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्यादेवींनी महेश्वरला आणि देशभर बांधवलेले घाट दर वर्षी पाण्याखाली जातात, पाणी ओसरले की झाडून-धुऊन पुन्हा वापरात येतात. प्रवरासंगमला किंवा संगमनेरच्या गंगामाई घाटावर हेच दिसते. बुडणार हे धरूनच बांधलेली जागा पुरात बिघडत नाही. नदीपात्रात टाइल आणि कारंजी बसवून प्रत्येक पुरानंतर त्यांचीच निविदा काढण्यापेक्षा हे स्वस्त.

पुलावरच्या सामानासाठीही एक ओळखीची पद्धत हाताशी आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याआधी काढतात आणि पूर ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास बसवतात. प्रवरेकाठच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पुलावरच्या कुंड्या, बाकडी आणि सावलीचे कापडी छत त्याच वेळापत्रकाने जूनमध्ये उचलायचे, दसऱ्याच्या आसपास परत मांडायचे. जून ते सप्टेंबर पुलावर काहीही नको. कठडाही आडव्या, मोकळ्या नळ्यांचा असावा, म्हणजे कचरा कमी अडकेल.

उरतो तो फाटकाचा प्रश्न. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका अशी ठरलेली आहे. सांगलीत कृष्णेची पातळी १९२९ च्या आयर्विन पुलाजवळ मोजतात. तिथे हे आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. या दोन शहरांत शाळकरी मुलालाही आज पाणी किती फुटांवर आहे ते ठाऊक असते आणि पुढच्या हालचाली त्यावरच ठरतात. पुलावरच्या बागेसाठी असा एक आकडा आधीच ठरवून खांबावर ठळक रंगवायला हवा. त्या पातळीला किंवा धरणातून ठरावीक क्युसेकचा विसर्ग सुटल्याचा निरोप येताच दोन्ही फाटके बंद. त्यासाठी साहेबांच्या फोनची वाट पाहायची नाही. एका वेळी किती माणसे आत सोडायची, तो आकडाही तिथेच लिहिलेला असावा.

तपासणी कोणती आणि जबाबदारी कोणाची?

‘ऑडिट झाले’ या दोन शब्दांवर समाधान मानू नये. आयआरसीच्या मार्गदर्शक पुस्तिकांत पुलाची पाहणी, भारक्षमता ठरवणे आणि प्रत्यक्ष भार ठेवून चाचणी घेणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लांबून पाहून भरलेला तक्ता ही फक्त पहिली पायरी. बागेसाठी काँक्रीटचे नमुने, सळयांच्या गंजाची तपासणी, पाणबुडे उतरवून पायाची पाहणी आणि वाळूच्या गोण्या रचून पुलाचे वाकणे मोजणारी भारचाचणी, हे सगळे लागेल. आणि ते एकदाच नव्हे, दर पावसाळ्यानंतर. म्हणूनच पुलाच्या खालच्या बाजूला जाता येईल अशी वाट आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवी, नाही तर शेलबर्न फॉल्ससारखी सगळी झाडे उपटायची वेळ येईल.

पैशाचा पेच याहून अवघड आहे. पूल सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा, नदीपात्र महसूल आणि जलसंपदाच्या अखत्यारीत, बाग चालवणार नगरपालिका. नवा पूल झाला, की देखभालीचा निधी वाहतुकीबरोबर नव्या पुलावर जातो आणि जुना कोणाच्याच यादीत उरत नाही. लंडनमध्ये टेम्स नदीवर ‘गार्डन ब्रिज’ नावाची महत्त्वाकांक्षी योजना होती. वर्षानुवर्षांच्या देखभाल खर्चाची हमी द्यायला महापौरांनी नकार दिला आणि २०१७ मध्ये ती गुंडाळली गेली. तोवर आराखडे आणि तयारीवर पाच कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्च झाली होती, बहुतांश सरकारी. वीट एकही रचली नव्हती.

त्यामुळे एखाद्या नगरपालिकेने जुन्या पुलावर बागेचा ठराव केलाच, तर सभागृहात रंगीत चित्रफितीआधी तीन कागद मागावेत. पूल लेखी स्वरूपात कोणाच्या ताब्यात आला, भारचाचणीत तो किती वाकला आणि भार काढल्यावर किती परत आला, आणि पुढील दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे. हे कागद नसतील, तर तोवर पुलाच्या दोन्ही टोकांना मुरमाच्या ढिगाऐवजी माणूस आत जाऊ शकणार नाही अशी भिंत लागते. कुंडमळ्याला फलक होता.